मादी सशाचं नसबंदीचं ऑपरेशन करावं का? भुसावळ-जळगाव-धुळे भागात कोणी केलंय का?

तापीकाठची | ३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार सगळ्यांना. मी भुसावळची. खूप दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांब होईल पण वाचा प्लीज.

मार्चमध्ये लेकीच्या वाढदिवसाला आठवडे बाजारातून दोन ससे आणले. विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं की दोन्ही माद्या आहेत. एक पांढरीशुभ्र, तिचं नाव कापशी. दुसरी करड्या रंगाची, ती भुरी. तीन-चार महिने मजेत गेले. मग जुलैत एक दिवस सकाळी दार उघडलं तर कापशीने स्वतःच्या पोटाचे केस उपटून कोपऱ्यात गादी केलेली, आणि त्या केसांखाली काहीतरी वळवळतंय. सहा पिल्लं. बोटाएवढी, डोळे मिटलेली. म्हणजे भुरी ही भुरी नव्हती, भुऱ्या होता.

आम्ही सगळे पिल्लांच्या कौतुकात, भुऱ्याला बाजूला ठेवायचं कोणालाच सुचलं नाही, आणि बरोबर महिन्याने परत सात पिल्लं. त्यातली तीन दोन दिवसांत गेली. लेक इतकी रडली की तिला शाळेत पाठवता आलं नाही. उरलेल्या दहा पिल्लांना घरं शोधता शोधता दिवाळी आली.

आता मधे जाळी लावून दोघांना वेगळं ठेवलंय. भुऱ्या सगळीकडे मूत फवारतो, पडद्यावर, गादीवर, परवा लेकीच्या दप्तरावर. कापशी पिंजऱ्यात हात घातला की धावून येते, चावते, आणि नर जवळ नसताना सुद्धा परत केस उपटून घरटं केलं तिने, मी घाबरले की हे कसं काय, पण पिल्लं काही झाली नाहीत.

इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. चांगले आहेत स्वभावाने, पण त्यांचं सगळं काम गाई-म्हशी-शेळ्यांचं. ते म्हणाले सशाला भूल सोसत नाही, कशाला जीव धोक्यात घालता. आणि सासूबाई म्हणतात, "व माय, इतलासा जीवले कापाले लई जास का तू?" त्यांचं पण चुकत नाही, त्यांनी तिला हाताने पाला भरवून वाढवलंय.

तर कोणी केलंय का हे ऑपरेशन? खान्देशात कुठे होतं का? आणि खरंच करायची गरज आहे का?

रावेरचा_शेतकरी | ३ नोव्हेंबर, रात्री १०:५५

ताई, माझं सरळ मत, दोघं वेगळे ठेवा म्हणजे विषय संपला. मुक्या जनावराला उगाच सुरी कशाला. जागा नसेल तर माझ्या केळीच्या बागेत आणून सोडा, गार सावली आहे, खायला रान आहे.

सातपुड्याखाली | ३ नोव्हेंबर, रात्री ११:३०

भाऊ, मनापासून सांगतो, बागेत सोडायचं कोणाच्या मनात पण येऊ देऊ नका. आपल्या शेतात उड्या मारतो तो रानससा वेगळा आणि हा पाळीव ससा वेगळा. पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. रानसशाची पिल्लं जन्मताच डोळे उघडे, अंगावर केस, यांची पिल्लं उघडी आणि आंधळी. पांढऱ्या सशाला लपता येत नाही, कुत्रा-मांजर-मुंगूस आलं तर पळायचं कुठे तेच कळत नाही. चोपड्याकडे आमच्या ओळखीत एकाने असेच चार सोडले होते, दुसऱ्या सकाळी बांधावर नुसते केस होते.

रावेरचा_शेतकरी | ३ नोव्हेंबर, रात्री ११:४१

हे माहीत नव्हतं. मागे घेतो ते. पण ऑपरेशनबद्दल मत तेच आहे.

नाशिककरीण | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

माझं माहेर अमळनेर, आता नाशिकला. ताई तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

आमची मिठू साडेचार वर्षांची होती. एकटीच, कधी नर बघितला नाही तिने, म्हणून ऑपरेशनचा विचारच आला नाही डोक्यात. एक दिवस तिच्या ट्रेमध्ये लालसर मूत दिसलं. मी आदल्या दिवशी बीट दिलं होतं थोडं, आणि सशांचं मूत कधी कधी खाण्याने लाल-केशरी होतं हे मला माहीत होतं, म्हणून मी निश्चिंत. चार दिवसांनी परत. मग महिनाभर काही नाही, मग परत. तिसऱ्यांदा मी नीट पाहिलं तेव्हा सगळं मूत लाल नव्हतं, साध्या मुताच्या शेवटी रक्ताची एक गाठ होती, काळपट, करंगळीच्या नखाएवढी. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या आणि छातीच्या एक्सरेत फुप्फुसात पसरलेलं. सव्वा महिन्यात गेली.

डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की हे ऑपरेशन न झालेल्या मादी सशांमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर हा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आहे. तीन-चार वर्षांच्या पुढे काही जातींमध्ये तर शंभरातल्या पन्नास ते ऐंशी माद्यांना होतो. पिल्लं झाली असोत नाहीतर नसोत. मी ते ऐकून तिथेच खुर्चीवर बसले.

वेगळं ठेवून पिल्लं थांबतील, पण हे थांबणार नाही. कापशी आता वर्षाची पण नाही ना? हीच वेळ आहे.

तापीकाठची | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

वाचून अंगावर काटा आला. मिठूसाठी वाईट वाटलं ताई. मला फक्त पिल्लांचा प्रश्न वाटत होता.

धुळेकर_जिभाऊ | ४ नोव्हेंबर, दुपारी २:४०

मी दुसरी बाजू लिहितो, घाबरवायला नाही, सावध करायला.

तीन वर्षांपूर्वी माझा नर ससा, सोन्या, ऑपरेशनला नेला. दवाखान्याचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. मला सांगितलं रात्री आठनंतर काही खायला देऊ नका, पाणी पण नको. मी दिलं नाही. सकाळी अकराला नंबर लागला, कुत्री भुंकतायत त्याच खोलीत त्याचा पिंजरा ठेवला होता, तो कोपऱ्यात चिकटून थरथरत होता. ऑपरेशन व्यवस्थित झालं. चार वाजता घरी आणला, सांगितलं उद्यापर्यंत नुसतं पाणी. वेदनेचं औषध काहीच नाही. इन्फेक्शन होऊ नये म्हणून लहान मुलांना देतात ते गोड अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं, तोंडाने. मी विश्वासाने दिवसातून दोनदा पाजलं.

दुसऱ्या दिवशी त्याने खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी पातळ हगवण. चौथ्या दिवशी पहाटे माझ्या मांडीवर गेला. जखम एकदम कोरडी होती, टाका सुद्धा हलला नव्हता. जखमेने नाही गेला तो.

नंतर मी खूप वाचलं, माणसं गाठून विचारलं, तेव्हा कळलं की यातल्या प्रत्येक गोष्टीत चूक होती आणि सगळ्यात मोठा दोष माझा की मी एकही प्रश्न विचारला नाही. म्हणून ताई, ऑपरेशन करा, पण ज्याला सशाचं माहीत आहे त्याच्याकडेच करा.

निवृत्त_पशुधन | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मी पशुवैद्य, नोकरी सगळी खान्देशात झाली, आता निवृत्त आहे. बैल-बोकडांचं खच्चीकरण किती केलं त्याचा हिशोब नाही, सशांची ऑपरेशनं नोकरीच्या शेवटच्या काळात शिकलो आणि केली. जिभाऊंनी लिहिलं ते वाचून वाईट वाटलं. त्यांच्या सोन्याच्या बाबतीत काय काय झालं ते नीट सांगतो, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात राहील.

कुत्र्याला, माणसाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात कारण भुलेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. सशाला उलटी होतच नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. म्हणून त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं काही कारण नाही. फार तर तासभर आधी खाणं काढायचं, ते सुद्धा तोंडात चघळलेला पाला राहू नये म्हणून. उलट सशाचं आतडं सतत चालू राहायला लागतं. ते थांबलं, म्हणजे खाणं बंद, लेंड्या बंद, की आत गॅस होतो, दुखतं, दुखतं म्हणून तो अजून खात नाही, आणि ते चक्र दीड-दोन दिवसांत त्याला संपवतं. वेदना, भीती, उपास, तिन्हींनी हे चक्र सुरू होतं. सोन्याला तिन्ही मिळाले.

आणि अमॉक्सिसिलिन. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, ही औषधं सशाला तोंडाने द्यायची नसतात. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतात, वाईट जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने हगवण लागते. सशाला अँटिबायोटिक लागलंच तर एनरोफ्लॉक्सासिनसारखी दुसरी आहेत. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम चालतं, सशाला ते वजनाच्या मानाने कुत्र्यापेक्षा जास्त लागतं, म्हणून डोस डॉक्टरच ठरवतील, घरी अंदाजाने देऊ नका. आणि गोचीड-पिसवांसाठी फिप्रोनिलचा स्प्रे सशावर कधीही मारू नका, हे विषय सोडून लिहितोय पण दोन ससे मी त्याने गेलेले पाहिलेत.

आता "भूल सोसत नाही" याबद्दल. पूर्ण खोटं नाही. ब्रिटनमध्ये मोठी पाहणी झाली होती, २००८ साली छापून आली. त्यात भुलेच्या वेळी आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत दगावलेल्या सशांचं प्रमाण १.३९ टक्के होतं. आजारी वगळून नुसते निरोगी ससे धरले तर ०.७३ टक्के. कुत्र्यांमध्ये ०.१७, मांजरांमध्ये ०.२४. म्हणजे धोका जास्त आहे हे खरं, पण शंभर निरोगी सशांतला एकही नाही, आणि समोर मिठूसारखं पन्नास-ऐंशी टक्क्यांचं गणित आहे. त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, दगावलेल्या सशांपैकी ६४ टक्के टेबलावर गेले नाहीत, ऑपरेशन झाल्यावर गेले. म्हणजे खरं काम डॉक्टरांच्या हातून सुटल्यावर सुरू होतं.

तापीकाठची | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४८

डॉक्टरसाहेब, खूप खूप आभार. दोन प्रश्न. डॉक्टर शोधताना विचारायचं काय? आणि भुऱ्याचं आधी करू की कापशीचं?

निवृत्त_पशुधन | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

बेटा, पहिला प्रश्न हाच विचार की वर्षात किती सशांची ऑपरेशनं करता, आणि माद्यांची किती. मग विचार की आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का. जो "हो, रात्रभर" म्हणेल त्याला नमस्कार करून परत ये, बाकी काही विचारायची गरज नाही. भूल गॅसवर देतात का, म्हणजे आयसोफ्लुरेन आहे का, नसेल तर इंजेक्शनची कोणती देतात आणि ऑक्सिजन लावतात का. भुलेत अंग गार पडतं, त्यासाठी खाली गरम गादी आहे का. वेदनेचं औषध घरी किती दिवस देणार. आणि तो खायला लागल्याशिवाय घरी सोडत नाहीत ना. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

नराचं आधी कर. सोपं आहे, बारा आठवड्यांपर्यंत वृषण खाली उतरलेले असतात, त्यानंतर कधीही होतं. पण तिथेही सशाची एक खोड आहे. त्याची जांघेतली वाट आयुष्यभर उघडी राहते, घाबरला की वृषण वर पोटात ओढून घेतो. म्हणून ती वाट शिवून बंद करावी लागते, नाहीतर आतडं खाली उतरायची भीती. बैलाला बर्डिझोचा चिमटा लावला आणि झालं, तसं इथे चालत नाही. आणि ऑपरेशन झालं म्हणजे लगेच जाळी काढू नको. आधीचं बीज सहा आठवड्यांपर्यंत टिकू शकतं.

मादीचं पोट उघडावं लागतं म्हणून ते मोठं. चार ते सहा महिन्यांपुढे करता येतं, वर्षाच्या आत झालं तर उत्तम, कारण पुढे पोटात चरबी साठते आणि काम अवघड होतं.

तुझी कापशी नर नसताना घरटं करते ती खोटी गर्भारपणाची अवस्था आहे, सोळा-अठरा दिवस चालते. आणि लागोपाठ पिल्लं कशी झाली ते पण सांगतो. सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरावीक माज नसतो. नर आला की त्यानंतर दहाएक तासांनी बीज सुटतं, आणि व्यायल्याच्या दिवशीच ती परत गाभण राहू शकते. एकतीस दिवसांनी पुढची वीत.

चाळीसगाववाला | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

डॉक्टरसाहेब एक विचारायचं होतं, बाजारात घेताना नर-मादी ओळखायचं कसं? माझ्याकडे पण "दोन माद्या" आहेत, आता झोप उडाली.

निवृत्त_पशुधन | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:००

दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लात भलेभले फसतात. त्यानंतर शेपटीखाली हलकं दाबून बघायचं, नराचं गोल टोक नळीसारखं वर येतं, मादीची उभी चीर दिसते. पण एकट्याने उताणं करायला जाऊ नका. मागच्या पायांना आधार नसताना त्याने जोरात लाथ मारली तर स्वतःचाच कणा मोडून घेतो. कोणालातरी धरायला लावा, पुठ्ठा आणि मागचे पाय दोन्ही धरून.

चाळीसगाववाला | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

एक नर आहे. आजच जाळी आणली.

रावेरचा_शेतकरी | ५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

डॉक्टरसाहेबांचं वाचलं. आमच्याकडे बैल बडवायचे तेव्हा आजोबा त्याच्या डोक्याला हात लावून उभे राहायचे, माफी मागितल्यासारखे. ते काम आपल्या सोयीचं होतं, इथे जनावराच्या जिवाचं आहे, हा फरक मला आधी दिसला नाही. ताई, करा. एवढंच सांगतो की उन्हाळ्यात करू नका. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ससा धडधाकट असला तरी सांभाळणं मुश्किल.

नाशिककरीण | ५ नोव्हेंबर, रात्री ९:००

बरोबर. सशाला घाम येत नाही, कानांतूनच काय ती उष्णता बाहेर पडते. तीसच्या वर गेलं की त्रास सुरू. डिसेंबर-जानेवारी बघा. आणि तुमच्याकडे माद्यांचं करणारे सापडले नाहीत तर नाशिकला या, मी माझ्या डॉक्टरांचा नंबर व्यक्तिगत निरोपात देते, राहायला माझं घर आहे. अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, भुसावळहून थेट गाड्या आहेत, तिथेही आधी फोन करून विचारता येईल.

तापीकाठची | २४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

अपडेट. भुऱ्याचं आज जळगावला झालं. तीन दवाखान्यांत डॉक्टरसाहेबांचे प्रश्न विचारले. एकांनी रात्रभर उपाशी ठेवा म्हटलं, मी नमस्कार करून आले. दुसऱ्यांनी सरळ सांगितलं की मी ससे करत नाही, त्यांचा मला आदर वाटला. तिसऱ्या मॅडम तरुण आहेत, नराची करतात, मादीचं पोट उघडायचं अजून आत्मविश्वासाने करत नाही म्हणाल्या. त्यांनीच केलं. दुपारी घरी आला, पाच वाजता कोथिंबीर खाल्ली. सासूबाई दारातच उभ्या होत्या, "काही खास का ते?", काही खातोय का तो, एवढंच विचारत होत्या सारखं.

धुळेकर_जिभाऊ | २४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

कोथिंबीर खाल्ली हे वाचून डोळे भरून आले ताई. सात दिवस जपा.

तापीकाठची | ९ जानेवारी, सकाळी ११:५०

नाशिकला आहे. पहाटे चारला दादाच्या गाडीने निघालो. वेताच्या टोपलीत जुनं गोधडं, खाली सुकं गवत, आणि तिच्या ओळखीचा वास असावा म्हणून घरातलाच तिचा रुमाल. वाटेत दोनदा थांबून मेथीची काडी दिली, तिने खाल्ली. आता आत नेलंय. दादा चहा प्यायला गेलाय, मला गिळवत नाहीये काही.

तापीकाठची | ९ जानेवारी, दुपारी १:३५

झालं. शुद्धीवर आली. डॉक्टरांनी काढलेलं गर्भाशय दाखवलं. मला वाटलं होतं बघवणार नाही पण बघितलं. गुलाबी, दोन लांब शिंगांसारखं, आणि त्यांनी दाखवलं की सशाला दोन गर्भाशयमुखं असतात, वेगवेगळी. एका शिंगावर ज्वारीच्या दाण्याएवढा फुगीर भाग होता. एवढ्या लहान वयात बहुतेक साधा असेल म्हणाले, पण तपासणीला पाठवतो.

तापीकाठची | ९ जानेवारी, रात्री ९:४०

नाशिककरीण ताईंच्या घरी आहोत. कापशी टोपलीत कोपऱ्याकडे तोंड करून बसलीय, कान मागे, डोळे अर्धे मिटलेले. वेदनेचं औषध दिलं. पाला पुढे धरला तर तोंड फिरवते. दुपारपासून एकही लेंडी नाही. काय करू?

निवृत्त_पशुधन | ९ जानेवारी, रात्री ९:५२

घाबरू नको. अंग हाताला गार लागतं का? कान गार असतील तर आधी ऊब दे. बाटलीत कोमट पाणी भर, फडक्यात गुंडाळ, टोपलीच्या एकाच बाजूला ठेव, म्हणजे नको झालं तर तिला सरकता येईल. मग पेलेट, म्हणजे सशाचं गोळ्यांचं तयार खाद्य, पाण्यात भिजवून बारीक वाटून पातळ कर, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भर. तोंडाच्या कडेने, पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून, एका वेळी अर्धा मिली. गिळू दे, मग पुढचा. जबरदस्तीने भसकन सोडलं तर श्वासनलिकेत जाईल. उताणी धरू नको, बसलेलीच राहू दे.

नाशिककरीण | ९ जानेवारी, रात्री ११:२०

तापीकाठचीचे हात भरलेत म्हणून मी लिहितेय. कान गार होते, आता गरम झाले. दहा मिली गेलं पोटात. पहिले दोन मिली हनुवटीवरून खाली, मग तिने जिभेने चाटायला सुरुवात केली. दर दोन तासांनी देतोय. दादाने रात्री बाहेरून हरळी उपटून आणली, धुऊन तिच्या नाकापाशी ठेवलीय.

धुळेकर_जिभाऊ | ९ जानेवारी, रात्री ११:२५

मी जागा आहे. काही लागलं तर लिहा. पहाटेपर्यंत काहीच झालं नाही तर डॉक्टर उघडायची वाट बघू नका, फोन करा त्यांना.

तापीकाठची | १० जानेवारी, पहाटे ४:५०

ताईने मला तीनला झोपायला लावलं. आत्ता उठवलं तिनेच, हाताला धरून, काही न बोलता टोपलीपाशी नेलं. गोधडीवर पाच लेंड्या. लहान, वाकड्यातिकड्या, नेहमीसारख्या गोल नाहीत, पण पाच आहेत. आणि कापशीच्या तोंडातून हरळीची एक काडी बाहेर आहे, ती हळूहळू आत जातेय. आम्ही दोघी फरशीवर बसून ती काडी संपेपर्यंत बघत होतो.

धुळेकर_जिभाऊ | १० जानेवारी, पहाटे ४:५३

🙏🙏🙏

निवृत्त_पशुधन | १० जानेवारी, सकाळी ६:३०

छान. सुटली. आता सिरिंजचं प्रमाण कमी करत जा, स्वतः खाऊ दे. गळ्यात ती प्लॅस्टिकची कॉलर घालू नको, ससा आपल्या मऊ लेंड्या, त्या द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या असतात त्या, परत तोंडाने खातो, त्याला त्याची गरज असते आणि कॉलरमुळे तोंड पोचत नाही. टाके चाटत असेल तर जुन्या मोज्याचं अंगरखं कर. दहा दिवस उड्या नकोत, पिंजऱ्यातला वरचा मजला काढून टाक. रात्री आपल्याकडे थंडी पडली की गोधडी वाढव.

सातपुड्याखाली | १० जानेवारी, सकाळी ७:४०

ताई खर्चाचं लिहिता येईल का? बऱ्याच जणांना तेच अडवतं.

तापीकाठची | १२ जानेवारी, रात्री ८:३०

घरी पोचलो. खर्च लिहिते. भुऱ्याचा औषधांसकट अडीच हजार. कापशीचा आधीची रक्ततपासणी, ऑपरेशन, गॅसची भूल, औषधं, तपासणीला पाठवलेलं सगळं धरून साडेसात हजार, गाडीचं डिझेल वेगळं. आम्हाला जड गेलं, खोटं बोलत नाही, दिवाळीच्या बोनसमधले ठेवले होते ते गेले. पण दहा पिल्लांच्या खाण्यापिण्याला आणि औषधाला सुद्धा चार महिन्यांत कमी लागले नव्हते.

तापीकाठची | २७ जानेवारी, रात्री ९:१५

तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. नाशिककरीण ताईला पहिला फोन केला, ती फोनवर बराच वेळ काही बोलली नाही.

टाके निघाले. पोटावरचे केस मखमलीसारखे उगवायला लागलेत. सासूबाई रोज दुपारी मुळ्याचा पाला निवडून तिच्यासाठी बाजूला ठेवतात, आता तिचं वजन वाढेल म्हणून भाकरीचा तुकडा द्यायचा मात्र मी बंद केलाय, त्यावरून थोडं रुसणं झालं.

रावेरचा_शेतकरी | २७ जानेवारी, रात्री ९:४०

लय भारी ताई. भुऱ्याबरोबर परत जमलं का तिचं?

तापीकाठची | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:००

आज जमलं असं म्हणता येईल. भुऱ्याचे सहा आठवडे कधीच झाले, कापशीचा महिना काल झाला. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तसं आधी आठवडाभर दोघांची गोधडी रोज अदलाबदल केली, वास ओळखीचा व्हावा म्हणून. मग दोघांपैकी कोणाचीच नाही अशा जागेत, आमच्या गच्चीच्या जिन्याखाली, रोज पंधरा मिनिटं सोडलं. पहिले तीन दिवस कापशीने त्याला पळवून पळवून दमवलं. आज ती स्वतः त्याच्यापुढे जाऊन डोकं जमिनीला टेकवून बसली, आणि त्याने तिचं कपाळ चाटलं, दोन कानांच्या मधे, बराच वेळ. लेक तिथेच जिन्यावर बसून गृहपाठ करत होती.

फवारणं बंद झालंय. चावणं पण जवळजवळ बंद.

चाळीसगाववाला दादा, तुमच्या नराचं कधी करताय? वेताची टोपली, गरम बाटलीचं कव्हर आणि तीन मोठ्या सिरिंजा माझ्याकडे धुऊन ठेवल्यात. भुसावळ स्टेशनवर आणून देईन, काम झालं की पुढच्याला द्या.